दातांवरील सिरॅमिक कॅप : पृष्ठभागाची तयारी, दुरुस्ती व निगा

हाड मोडले तर ते सांधते. कातडी कापली तर खपली धरून जखम भरून येते. परंतु दाताचे वरचे कठीण कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, ते एकदा झिजले किंवा तुटले की पुन्हा उगवत नाही. हे कवच घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच आपले काम आटोपून नाहीशा झालेल्या असतात. म्हणून फार किडलेला, तुटलेला अथवा रूट कॅनालचा उपचार केलेला दात टिकवावयाचा असेल, तर त्यावर बाहेरून दुसरे कवच चढवावे लागते. यालाच आपण बोलण्यात ‘कॅप’ म्हणतो. एकेकाळी सोन्याची अथवा पांढऱ्या धातूची कॅप दिसली की लोकांचे लक्ष जाई. आज बहुतेक रुग्ण दाताच्याच रंगाची, म्हणजे सिरॅमिकची कॅप पसंत करतात.

आपल्या सीमाभागात हा उपचार आता दुर्मीळ राहिलेला नाही. मुंबईचे नायर दंतमहाविद्यालय १९३३ साली आणि बंगलोरचे शासकीय दंतमहाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. त्या मानाने आपल्याकडे ही विद्या उशिरा आली. बेळगावात के. एल. ई. संस्थेचे दंतमहाविद्यालय १९८५ साली सुरू झाले व त्यानंतर मराठा मंडळाचेही दंतमहाविद्यालय उभे राहिले. आज खानापूर, चिकोडी, संकेश्वर, निपाणी येथील रुग्णास कॅप बसविण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पण कॅप बसविणाऱ्यांची संख्या वाढली, तशी कॅपचा तुकडा उडाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांचीही वाढली. अशा वेळी रुग्णाची समजूत दोन टोकांची असते. कोणी म्हणतो, “दुखत नाही ना, मग राहू द्या”, तर कोणी म्हणतो, “ही काढा आणि नवी बसवा.” या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे, तो म्हणजे दुरुस्तीचा. तो पुष्कळदा शक्य असतो, कधी शक्य नसतो. आणि तो साधणे अथवा फसणे हे बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते : कॅप कोणत्या पदार्थाची आहे हे ओळखून तिच्या पृष्ठभागावर योग्य तो संस्कार केला गेला की नाही. प्रस्तुत लेखात हीच गोष्ट आम्ही शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडणार आहोत.

१. चिनी मातीपासून झिर्कोनियापर्यंत

खानापूरची माती कुंभारकामास व कौलांस प्रसिद्ध आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकविणारी संस्थाही तेथे आहे. मातीचे भांडे भाजले की घट्ट होते आणि त्यावर काचेचा पातळ थर, म्हणजे झिलई दिली की ते गुळगुळीत होऊन पाणी शोषेनासे होते, हे आपणांस ठाऊक आहे. दातांच्या सिरॅमिकचा वंश याच कुळातला. १७७४ च्या सुमारास पॅरिसमधील दुशातो नावाच्या एका औषधविक्याने, हस्तिदंती कवळीला येणाऱ्या दुर्गंधीला कंटाळून, पोर्सिलेनची कवळी करविण्याचा खटाटोप केला. औषधे खलण्याची पोर्सिलेनची भांडी डागाळत नाहीत, मग दात तरी का डागाळावे, असा त्याचा सरळ विचार होता. पुढे १९०३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथील डॉ. चार्ल्स लँड यांनी एका दातावर चढवावयाची पोर्सिलेनची टोपी प्रचारात आणली. ती सुंदर दिसे, पण ठिसूळ असे. १९६२ साली अमेरिकेत वाइनस्टीन व त्यांचे सहकारी यांनी धातूच्या पातळ टोपीवर पोर्सिलेन भाजून चढविण्याचे पेटंट घेतले, आणि १९६५ साली इंग्लंडमध्ये मॅक्लीन व ह्यूज यांनी पोर्सिलेनमध्ये अल्युमिना मिसळून त्याचे बळ वाढविले. विसाव्या शतकाच्या अखेरीस लिथियम डायसिलिकेट आणि त्यापाठोपाठ झिर्कोनिया ही नवी सिरॅमिके आली.

कुंभाराच्या मातीत आणि दातांच्या पोर्सिलेनमध्ये एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. दातांच्या पोर्सिलेनमध्ये माती जवळजवळ नसतेच. त्यात मुख्यतः फेल्स्पार व गारगोटी हे खनिज पदार्थ असतात, आणि भाजल्यावर त्यांची काच बनते. ही ‘काच’ किती आहे, यावरून आजच्या सिरॅमिकचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग काचप्रधान पोर्सिलेनचा. धातूच्या टोपीवर जो दाताच्या रंगाचा थर असतो, तो याच वर्गातला. त्याचे वाकण्यास विरोध करण्याचे बळ साधारणपणे ६० ते १०० मेगापास्कल असते. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १० किलो भार, असे समजावे.

दुसरा वर्ग काच आणि स्फटिक यांच्या मिश्रणाचा. लिथियम डायसिलिकेट हे त्याचे प्रमुख उदाहरण असून त्याचे बळ सुमारे ३५० ते ४०० मेगापास्कल असते. काचेत बारीक सुयांसारखे स्फटिक गुंतलेले असल्यामुळे पडणाऱ्या भेगेची वाट अडते.

तिसरा वर्ग झिर्कोनियाचा. यात काच नसतेच म्हटले तरी चालेल. नेहमीच्या झिर्कोनियाचे बळ ९०० मेगापास्कलच्या वर जाते. अधिक पारदर्शक प्रकारांत ते कमी असते. याचा एक गुण मोठा नवलाचा आहे. भेग पडू लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक आपले रूप बदलतात व सुमारे ४ टक्के फुगतात. त्या फुगण्याने भेग दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन पुढे जाण्यास अडखळते.

रंगाने आणि चकाकीने हे तिन्ही पदार्थ सामान्य माणसाच्या डोळ्यास सारखेच दिसतात. परंतु पृष्ठभागाची तयारी करताना पहिल्या दोघांना जे औषध लागू पडते, ते तिसऱ्याला पडत नाही. पुढील सर्व विवेचनाचे मर्म येथे आहे.

२. कॅप फुटते कशी?

सिरॅमिक दाब पुष्कळ सहन करते, ताण मात्र सहन करीत नाही. काच कापणारा कारागीर काय करतो ते पाहावे. तो काच आरपार कापीत नाही. हिऱ्याच्या कणीने वर एक बारीक रेघ ओढतो आणि हलकेच वाकवून काच त्या रेघेवर मोडतो. १९२१ साली ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने याचे कारण मांडले. ठिसूळ पदार्थाच्या अंगावरील बारीकशा ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि पदार्थाचे खरे बळ त्याच्या जाडीपेक्षा त्या ओरखड्याच्या खोलीवर ठरते. म्हणजेच कॅपवर राहिलेला यंत्राचा ओरखडा ही उद्याच्या भेगेची सुरुवात असू शकते.

त्यात तोंड हे ओलसर ठिकाण. भेगेच्या टोकाशी काचेतील सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे जे बंध ताणलेले असतात, ते पाण्यामुळे सुटू लागतात आणि भेग दिसामासांनी पुढे सरकते. त्यामुळे “काल तर मऊ भात खात होतो आणि तुकडा उडाला” असे रुग्ण सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. भाताने फक्त शेवटचे निमित्त दिलेले असते.

तरीही निमित्तांचा विचार करावयास हवाच. ऊस दाताने सोलणे, अडकित्ता न वापरता सुपारी दाढेखाली फोडणे, मटणाची नळी चावणे, दाताने बाटलीचे झाकण उघडणे, या आपल्या भागातील सवयी नैसर्गिक दातासही घातक आहेत. मग कॅपची काय कथा! झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांची कॅप विशेष धोक्यात असते. काही वेळा दोष कॅपच्या घडणीत असतो. खालच्या टोपीने वरच्या पोर्सिलेनला पुरेसा आधार दिलेला नसतो, किंवा धातू आणि पोर्सिलेन तापल्यावर व निवताना सारख्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावणारे निवडलेले नसतात. काही वेळा समोरच्या दाताचा घाव एकाच बिंदूवर बसत असतो. दुरुस्ती करण्यापूर्वी यांपैकी कोणते कारण घडले हे शोधले नाही, तर दुरुस्त केलेला भागही त्याच जागी पुन्हा फुटतो.

३. पृष्ठभागाची तयारी

कल्हईवाला भांड्यावर कथिल कसे चढवितो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भाग समजावयास अवघड जाणार नाही. तो आधी भांडे घासून लख्ख करतो, मग तापवितो, मग नवसागर टाकतो आणि त्यानंतरच कथिल फिरवितो. यांतील एक पायरी गाळली तर कथिल धरत नाही. फुटक्या कॅपवर जो पदार्थ चढवितात, त्यास कंपोझिट म्हणतात; ते राळेसारख्या रसायनात काचेचे बारीक कण मिसळून केलेले असते आणि निळ्या प्रकाशाने घट्ट होते. गुळगुळीत झिलईवर ते नुसते लावले तर थोड्याच दिवसांत निखळते. ते धरावे यासाठी तीन संस्कार करतात.

पहिला संस्कार घर्षणाचा. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीतून निघालेल्या कास्टिंगवर जोराने कण मारून ते साफ करतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच तत्त्वाचे लहानसे उपकरण दंतवैद्य वापरतात. त्यात वाळूऐवजी सुमारे ५० मायक्रॉन आकाराचे अल्युमिनाचे कण असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन भरते. बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइटपासून जे अल्युमिना काढतात, रासायनिक दृष्ट्या हा तोच पदार्थ. निसर्गात त्याचेच स्फटिक कुरुंद म्हणून मिळतात. या माऱ्याने पृष्ठभाग स्वच्छ व खरखरीत होतो. परंतु तो बेताचा असावा. दाब फार ठेवला अथवा मारा लांबविला, तर वर सांगितलेले घातक ओरखडे आपणच पाडल्यासारखे होते.

दुसरा संस्कार आम्लाचा. १९५५ साली अमेरिकेतील डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावले असता त्यावर राळ घट्ट धरते, हे दाखवून दिले. सिरॅमिकवर मात्र फॉस्फोरिक आम्लाने चरे पडत नाहीत. काचेला खाणारे आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्ल. त्याचा पोर्सिलेनवर असा उपयोग करण्याचे संशोधन १९८३ साली प्रसिद्ध झाले आणि तेथून या दुरुस्तीला खरा पाया मिळाला. हे आम्ल काच विरघळविते व स्फटिक तसेच ठेवते. त्यामुळे पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र होतो आणि त्या छिद्रांत राळ शिरून रुतून बसते.

येथे प्रमाण व वेळ यांस फार महत्त्व आहे. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्क्यांचे आम्ल २० सेकंद पुरते. काचप्रधान पोर्सिलेनला साधारणपणे ९ ते १० टक्क्यांचे आम्ल एक ते दीड मिनिट लावतात. “थोडे अधिक ठेवले तर अधिक घट्ट धरेल” हा समज चुकीचा आहे. जास्त वेळ ठेवल्यास काच खोलवर खाल्ली जाऊन स्फटिकांचा आधार जातो आणि कॅपच दुबळी होते. धुतल्यानंतर कधी पांढरट भुकटी मागे राहते. ती विरघळलेल्या पदार्थांपासून बनलेल्या क्षारांची असते आणि काढून टाकली नाही तर छिद्रे बुजवून टाकते.

या आम्लाविषयी एक इशारा देणे आम्हांस कर्तव्य वाटते. हे फार विषारी आहे. ते कातडीतून आत शिरते व शरीरातील कॅल्शियमला पकडते. प्रमाण कमी असले तर लगेच दुखत नाही. काही तासांनी वेदना सुरू होतात, आणि तोपर्यंत इजा खोल गेलेली असते. म्हणून तोंडात ते वापरताना दाताभोवती रबराचा पडदा बांधणे, जेलीच्या रूपातीलच आम्ल घेणे, धुताना पाणी ओढून घेणारी नळी जवळ धरणे, रुग्ण व वैद्य या दोघांनीही चष्मा घालणे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली हाताशी ठेवणे आवश्यक असते. ते दाताच्या उघड्या भागालाही लागू देत नाहीत. अमोनियम पॉलिफ्लोराइड असलेली सौम्य द्रावणेही आता मिळतात. पण त्यांच्याही बाबतीत काळजी सुटत नाही.

तिसरा संस्कार जोडणीचा. काच आणि राळ यांचा स्वभाव भिन्न. एकीला पाणी प्रिय, दुसरीला नको. यांची सोयरीक जमविणारा मध्यस्थ म्हणजे सिलेन नावाचे द्रव्य. त्याच्या रेणूचे एक टोक काचेतील सिलिकाशी जुळते व दुसरे टोक राळेशी. ते पातळ लावून सुमारे एक मिनिट थांबतात आणि कोमट हवेने वाळवितात. सिलेन फार दिवस टिकत नाही. बाटलीतील द्रव दुधाळ दिसू लागला की तो निरुपयोगी झाला असे समजून टाकून द्यावा.

आता झिर्कोनियाकडे वळू. त्यात काच नाही, म्हणून दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणातील हायड्रोफ्लोरिक आम्ल त्यावर उपयोगी चरे पाडू शकत नाही. सिलिका नाही, म्हणून नुसते सिलेनही व्यर्थ. त्यावर बेताच्या दाबाने अल्युमिनाचा मारा करून मग फॉस्फेट गट असलेले एक विशेष द्रव्य लावतात. एम. डी. पी. या नावाने ओळखले जाणारे हे द्रव्य जपानमध्ये १९८१ साली तयार झाले. त्याचे फॉस्फेटचे टोक झिर्कोनियाला धरते. दुसरा मार्ग असा की, सिलिकाचे आवरण दिलेले सुमारे ३० मायक्रॉनचे कण मारावयाचे. ते आदळताना सिलिकाचा लेप मागे ठेवतात आणि मग सिलेन चालते.

झिर्कोनियाच्या बाबतीत लाळ हा मोठा शत्रू आहे. लाळेतही फॉस्फेट असते. ते आधीच जाऊन जागा अडविते आणि मग एम. डी. पी. ला पाय ठेवावयास जागा उरत नाही. नुसत्या पाण्याने ते जात नाही, आणि फॉस्फोरिक आम्लाने धुणे म्हणजे त्यात आणखी फॉस्फेटची भर घालणे होय. त्यासाठी खास सफाईची पेस्ट वापरावी लागते किंवा पुन्हा कणांचा मारा करावा लागतो. एकाच आम्लाची बाटली सगळ्या कॅपना सारखीच लावून भागत नाही, ते यामुळे.

४. दुरुस्ती : केव्हा व कशी

नवी कॅप बसविणे हा पर्याय नेहमी उघडाच असतो. परंतु त्याची किंमत केवळ पैशांत मोजून चालणार नाही. पहिल्या कॅपसाठी दात चहूबाजूंनी सुमारे १ ते २ मिलिमीटर घासलेला असतो. ती कॅप काढावयाची तर बहुधा कापूनच काढावी लागते. झिर्कोनिया कापताना हिऱ्याचे बर झिजतात, उष्णता निर्माण होते आणि आतल्या दातालाही धक्का पोहोचतो. दर वेळी दाताचा थोडा थोडा अंश जातो. म्हणून शक्य तेथे दुरुस्ती करणे हे रुग्णाच्या आणि दाताच्याही हिताचे असते.

दुरुस्ती पुढील परिस्थितीत योग्य ठरते : तुकडा लहान आहे, कॅप दातावर घट्ट बसलेली आहे, हिरडीजवळची कड उघडी पडलेली नाही, आत कीड नाही, आणि भेग आरपार गेलेली नाही. समोरच्या दातांवर, जेथे चावण्याचा भार कमी असतो, तेथे ती विशेष चांगली टिकते. याउलट कॅपखाली कीड लागली असेल, कॅप हलत असेल, किंवा दाढेची चावण्याची मुख्य बाजूच गेली असेल, तर दुरुस्ती ही काही काळाची तडजोड ठरते. तेथे नवी कॅपच करावी.

दुरुस्तीचा क्रम साधारणपणे असा असतो. प्रथम चावा तपासून फुटण्याचे कारण पाहतात. रबराचा पडदा बांधून लाळ दूर ठेवतात. हिऱ्याच्या बारीक बरने तुटलेल्या कडेवरील झिलई काढून कड तिरकी करतात, म्हणजे नवा थर जुन्यात मिसळून दिसतो. त्यानंतर अल्युमिनाचा मारा, सिरॅमिकच्या जातीप्रमाणे आम्ल, धुणे, वाळविणे व सिलेन. खालचा धातू उघडा पडला असेल तर धातूला धरणारे द्रव्य लावून त्याचा काळसरपणा झाकणारा अपारदर्शक थर देतात. नाहीतर दुरुस्त भाग करडा दिसतो. शेवटी कंपोझिटचे पातळ पातळ थर देऊन प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट करतात आणि चावा पुन्हा तपासतात. उडालेला तुकडा रुग्णाने जपून आणला असेल आणि तो नीट बसत असेल, तर त्याच संस्कारांनंतर तोच पुन्हा चिकटविता येतो. हे सर्व बहुधा एकाच बैठकीत होते.

कंपोझिट हे सिरॅमिकइतके कठीण नसते. काही वर्षांनी त्याचा रंग बदलतो, कडेला रेघ दिसू लागते. तेव्हा ते पुन्हा पॉलिश करावे लागते अथवा बदलावे लागते. रुग्णास ही गोष्ट आधीच सांगितली पाहिजे.

५. पॉलिश ही चैन नव्हे

कॅप बसविताना ‘उंच लागते’ म्हणून ती थोडी घासावी लागते. घासली की वरची झिलई जाते आणि खाली खरखरीत भाग उघडा पडतो. तो तसाच सोडला तर तीन अनर्थ होतात. एक, समोरचा नैसर्गिक दात कानशीवर घासल्याप्रमाणे झिजतो. दोन, त्या खरखरीतपणात जंतूंचा थर साचतो. पृष्ठभागाचा खरखरीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की हे साचणे वाढते, असे संशोधनात आढळले आहे. तीन, ते ओरखडे पुढच्या भेगेचे बीज ठरतात.

निपाणीच्या परिसरात यात चौथ्याची भर पडते. तंबाखूच्या या मुलखात अनेक घरांतून मशेरी लावण्याची चाल आहे. मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत. उलट तंबाखूचा काळा डाग खरखरीत कॅपवर आणि कॅप व हिरडी यांच्या सांध्यात ठाण मांडून बसतो, हिरडी मागे हटते आणि कॅपची कड उघडी पडते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर याहूनही गंभीर आहे. कॅप बसविणाऱ्याने मशेरी सोडलीच पाहिजे, असे आम्ही कॅपच्या नव्हे तर त्या माणसाच्या काळजीने म्हणतो.

म्हणून घासल्यानंतर प्रथम बारीक हिऱ्याचे बर, मग रबराची खरखरीत ते मऊ अशी चाके आणि शेवटी हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट, असा क्रम पाण्याच्या थंडाव्यात पाळतात. एखादी पायरी गाळून थेट शेवटची केली तर वरवर चकाकी येते, पण ओरखडे राहतातच. झिर्कोनिया इतका कठीण असूनही नीट पॉलिश केला असता समोरच्या दातास फारसा त्रास देत नाही. खरखरीत ठेवला तर मात्र तो दाताला खातो.

६. कॅप असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. कॅप बसविल्यावर तिचा प्रकार, म्हणजे धातूवरील पोर्सिलेन, लिथियम डायसिलिकेट की झिर्कोनिया, हे तारखेसह लिहून मागावे व तो कागद घरात जपून ठेवावा. दुरुस्ती करणाऱ्या वैद्यास याहून उपयोगी माहिती दुसरी नाही.

२. तुकडा उडाला तर तो स्वच्छ धुऊन डबीत ठेवावा आणि लवकर दवाखान्यात न्यावा. कॅप पूर्ण निघाली तर त्या बाजूने चावू नये व रात्री ती तोंडात ठेवून झोपू नये. घशात अथवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

३. बाजारात मिळणाऱ्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने कॅप कधीही चिकटवू नये. ती वाकडी बसते, तो गोंद हिरडीला इजा करतो आणि पुढे पृष्ठभाग स्वच्छ करणे वैद्यास कठीण जाते. दोनचार रुपये वाचविण्याच्या नादात दुरुस्त होण्याजोगी कॅप कायमची वाया गेल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत.

४. किडीपासून बचावासाठी दातांना फ्लोराइडची जेली लावतात. त्यातील आम्लयुक्त प्रकाराने सिरॅमिकची झिलई मंद होऊ शकते. तोंडात कॅप आहे हे वैद्यास आधी सांगावे, म्हणजे आम्ल नसलेला प्रकार निवडता येतो.

५. मऊ ब्रश वापरावा. राखुंडी, विटेची पूड, कोळसा यांनी कॅप घासू नये. कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडतो. म्हणून तो सांधा रोज स्वच्छ ठेवावा.

६. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास रात्री घालावयाचे संरक्षक कवच वैद्याकडून करून घ्यावे.

७. जिभेला एखादी जागा नव्याने खरखरीत लागू लागली तर ती दाखवून घ्यावी. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा खरखरीतपणाही जिभेस जाणवतो. तिची तक्रार सहसा खोटी नसते.

न्यासाच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत दाताच्या कॅपसारखा लहान विषय का घेतला, असे कोणास वाटेल. पण ज्या घरात एका कॅपसाठी महिन्यामहिन्याने पैसे बाजूला टाकावे लागतात, त्या घरच्या आजीबाईंना तीच कॅप आणखी काही वर्षे वापरता आली, तर भाकरी चावता येणे आणि न येणे एवढा फरक पडतो. दंतोपचारासाठी साहाय्य देणाऱ्या धर्मादाय संस्थांना आमची एवढीच सूचना आहे. साहाय्याची रक्कम नव्या कॅपपुरती मर्यादित ठेवू नये. दुरुस्तीलाही त्यात स्थान द्यावे. आणि साहाय्य देताना, बसविलेल्या कॅपचा प्रकार लिहिलेले कार्ड रुग्णाच्या हाती पडले की नाही, एवढे पाहावे. या कार्डास खर्च जवळजवळ नाही. पुढे केव्हातरी तुकडा उडालाच, तर बेळगावच्या महाविद्यालयात असो वा निपाणीच्या बाजारपेठेतील लहान दवाखान्यात असो, समोरच्या वैद्यास कोणते औषध लावावयाचे हे ते कार्ड पाहूनच कळेल.